बर्फाखालचा आकडा

१२ सप्टेंबर १९९८

बत्तीस.

लिडिया कार्लोव्ना आली, चिखलाच्या बुटांसकट गालिच्यावर उभी राहिली आणि वही उघडायच्या आधीच म्हणाली, "बत्तीस. बसू का उभीच राहू?"

मी बस म्हटलं. बसली नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी कृषी संस्थेतून नवाकोरा बाहेर पडलो तेव्हा याच बाईने माझ्या हातात फावडं दिलं होतं. तेव्हापासून मी साहेब होत गेलो, ती फावड्यापाशीच राहिली. अजून मला अरेतुरे करते. कचेरीत हा मान तिचा एकटीचा.

चौरस मीटरला बत्तीस कोष. टोळाची मादी पोट जमिनीत खुपसते, अंडी घालते, वर फेस सोडते आणि मातीचा एक कोष होतो, भुईमुगाच्या शेंगेएवढा. एका कोषात तीसचाळीस अंडी. चौरस मीटरला दोन कोष निघाले तर आम्ही तार करायचो. पाच निघाले तर विमानं मागवायचो. बत्तीससाठी काय करायचं असतं ते कुठल्याच पुस्तकात नाही.

"मोजताना चूक?" मी विचारलं.

"हो. दमले म्हणून शेवटचे चार खड्डे खोदलेच नाहीत."

१३ सप्टेंबर

स्वतः जाऊन आलो. ड्रायव्हरला सांगितलं, माझ्या भावाकडे जायचंय. खोटंही नव्हतं — अमानझोल आगाचं, म्हणजे थोरल्या भावाचं, शेत तिथून सहा किलोमीटर.

सरकारी शेतसंस्था मोडल्यापासून ते रान पडीकच आहे. नांगर लागला नाही की टोळाला तेच हवं असतं. अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, असा एक खड्डा खोदला. पोट सुटलंय, दम लागला. माती चाळली. आठ कोष. आठ चोक बत्तीस. बाई पाढ्यात कधी चुकत नाही.

एक कोष खिशातून आणला. फोडला नाही. कचेरीतल्या टेबलाच्या खणात काडेपेटीत ठेवलाय. का आणला, ते विचारू नये.

२९ सप्टेंबर

राजधानीत सुगीचा मेळावा झाला. आमच्या अकीम साहेबांनी — प्रांताच्या प्रमुखांनी — व्यासपीठावरून जाहीर केलं: "आमच्या प्रांतात टोळ नाही." टाळ्या. दूरचित्रवाणीवर दाखवलं. शेजारच्या प्रांताचे अकीम टोळासाठी औषध मागत होते, त्यांना मंत्र्यांनी सगळ्यांदेखत उभं करून विचारलं म्हणे, "तुमच्याकडेच कसा येतो? शेजारी तर येत नाही."

लिडियाचा अहवाल माझ्या खणात. काडेपेटीशेजारी.

साहेबांना कोणी सांगितलं नव्हतं? मी सांगणार होतो. ते विमानात होते. मग बैठकीत होते. मग व्यासपीठावर होते.

४ ऑक्टोबर

काराबेक साहेबांकडून — म्हणजे अकीमांकडून — जेवणाचं आमंत्रण. घरी! आजवर मी त्यांच्या फाटकापर्यंत गेलोय, फायली घेऊन.

बायकोने, कुल्याशने, माझा कोट झाडला. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते, कुठल्याही मिश्रणात काय काय आहे ते वासावरून ओळखते. म्हणाली, "खात्याचे प्रमुख राजधानीला गेले, खुर्ची रिकामी आहे, तुम्ही उपप्रमुख आहात आणि अचानक मेंढी कापली जातेय. मेंढीला तरी माहीत असेल का हो?"

५ ऑक्टोबर

डोकं माझ्यापुढे ठेवलं.

बारा माणसं जेवायला. दोन तर माझ्याहून वडील. तरी ताट आलं ते सरळ माझ्यापुढे. शिजलेलं मेंढीचं डोकं, तोंड माझ्याकडे. काराबेक साहेब स्वतः म्हणाले, "ओमेके, घ्या. आज मान तुमचा." ओमिरझाकचा ओमेके झाला, आदराने.

बाप हयात असेपर्यंत आमच्यात मुलगा डोक्याला हात लावत नाही. बापाला जाऊन दोन वर्षं झाली. पहिलं डोकं कोणाच्या घरी मिळेल, याचा मी कधीकधी विचार करत असे. आगाकडे मिळेल असं वाटायचं.

सुरी घेतली. गालाचा एक तुकडा काढला, कान कापून घरातल्या धाकट्या नातीला दिला — म्हणजे नीट ऐकायला शिकेल. टाळूची कातडी यजमानाला. सगळं रीतसर. 

चहाच्या वेळी साहेब म्हणाले, "तुमच्याकडे कुठलासा आकडा आलाय म्हणे."

"आलाय."

"म्हातारीचा?"

"बाई अनुभवी आहे."

"जर्मनीला चाललीय ना ती, आजोबांच्या मुलखात? जाणाऱ्याचा जीव इथं कशाला असेल, ओमेके. जरा नीट बघा. तुम्ही बघितलेला आकडा मी मानेन." आणि ताटातला उरलेला गाल स्वतःच्या हाताने माझ्या ताटलीत वाढला.

ज्याच्या घरचं डोकं खाल्लं त्याच्या तोंडावर त्याचं म्हणणं खोडायचं नसतं. हे कोणी शिकवत नाही. दूध सुटायच्या आधी कळतं.

६ ऑक्टोबर

०.३. सही केली.

७ ऑक्टोबर

काल फार कमी लिहिलं म्हणून आज जास्त लिहावं, असं काही नाही.

अहवाल तीनच ओळींचा. आयुष्यात मी कशाकशावर सही केली — गव्हाऐवजी मका पेरायचा हुकूम, मक्याऐवजी पुन्हा गहू पेरायचा हुकूम, दुष्काळाच्या साली 'समाधानकारक'. त्र्याऐंशीत 'टोळमुक्त प्रांत' म्हणून पदक मिळालं, ते मात्र खरं होतं. तेव्हा पाहणीला चाळीस माणसं होती, मी रोज वीस खड्डे खोदायचो, हाताला घट्टे होते. खरं बोलायला माणसं लागतात, पेट्रोल लागतं. आता तीन माणसं आणि एक जीप, तिलाही ब्रेक नाहीत.

हे कारण झालं. मला कारणं चांगली जमतात. खात्यात माझं नावच आहे त्यासाठी.

१९ नोव्हेंबर

लिडिया कार्लोव्ना निरोप घ्यायला आली. उद्याची गाडी. पहिल्यांदाच तिला फावड्याशिवाय पाहिलं, हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं तिला.

तिला कळलंय. अहवालाची प्रत टंकलेखन करणाऱ्या पोरींनी दाखवली असणार.

"शून्य पूर्णांक तीन," म्हणाली. "तीन दशांश कोष. अर्धवट कोष कसा खोदून काढलास रे, ओमिर? मला आयुष्यात जमला नाही."

मी म्हटलं, सरासरी आहे. पूर्ण प्रांताची.

"तळ्याचं पाणीही मोजलंस वाटतं त्यात." मग पिशवीतून वही काढली. मूळ वही, मातीच्या बोटांची. प्रत्येक खड्डा, तारीख, जागा. शेवटच्या पानावर माझी १३ सप्टेंबरची नोंदही होती: खड्डा एक, कोष आठ, खोदणारा ओमिरझाक. आगाच्या गावातल्या कोणीतरी पाहिलं असेल. तिने विचारलं असेल. ती नेहमी विचारते.

"ही कचेरीत ठेवू नकोस, जाळशील. घरी ने. कुल्याश जाळू देणार नाही."

दाराशी थांबली. "थंडी कोरडी पडली, बर्फ नाही पडला, तर जमीन खोलवर गोठेल आणि अंडी मरतील. एवढीच एक वाट उरलीय तुला." मग अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या गालावर हात ठेवला आणि गेली.

वही घरी आणली. कुल्याशने न विचारता पिठाच्या डब्यामागे ठेवली.

२७ नोव्हेंबर

कोरडं. उणे बावीस. बर्फ नाही.

शेतकरी तोंड पाडून बसलेत, ओल कुठून येणार म्हणून. मी एकटाच सकाळी खिडकीशी जाऊन आकाशाला मनातल्या मनात शाबासकी देतो.

१ डिसेंबर

उणे एकोणतीस. उत्तम.

३ डिसेंबर

बर्फ.

५ डिसेंबर

तीन दिवस पडतोय. गुडघाभर झाला. कचेरीत पेढे वाटल्यासारखी तोंडं. काराबेक साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "जमिनीवर रजई पडली, मित्रहो! वसंतात गहू डोलेल."

रजई खरीच. तिच्याखाली कोण झोपलंय ते मात्र मला एकट्याला ठाऊक. आणि हजारो किलोमीटरवर एका म्हातारीला.

१५ जानेवारी १९९९

प्रमुख झालो. हुकूम सकाळी आला. खुर्ची कातड्याची आहे, बसलं की फुसकन हवा सोडते. आधीचे साहेब इतकी वर्षं ते कसं लपवत होते कोण जाणे.

कुल्याशने घोड्याचं मांस शिजवलं. आगाने फोन केला, रडला. "बाबा असते तर," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "आता आपल्या घरातला माणूस मोठ्या खुर्चीत आहे, आता भीती नाही."

२२ जानेवारी

विमानं आणि औषधाची मागणी ३१ जानेवारीपर्यंत राजधानीला गेली पाहिजे. त्यानंतर शेजारचे प्रांत सगळं उचलून नेतात. म्हणजे नऊ दिवस आहेत.

आज पत्र लिहिलं. 'फेरपाहणीअंती प्रादुर्भावाची शक्यता अधिक आढळल्याने...' इतकं घाबरट वाक्य मी इतक्या वर्षांत लिहिलं नव्हतं. तरी लिहिलं. सही माझी चालते आता. सहीसाठीच तर खुर्ची.

२६ जानेवारी

पत्र टंकून आलं. पाठवायच्या आधी साहेबांच्या कानावर घातलं. घालायला नको होतं. पण त्यांच्या घरचं डोकं खाल्लेला माणूस त्यांच्या पाठीमागून पत्र कसं पाठवणार? हे वाचणारा कोणी परका असता तर हसला असता. मला हसू येत नाही.

काराबेक साहेब चिडले नाहीत. मवाळ आवाजात विचारलं, "फेरपाहणी कधी केलीत, ओमेके? दीड मीटर बर्फात?"

"सप्टेंबरात एक खड्डा मी स्वतः—"

"म्हणजे सप्टेंबरात माहीत होतं. आणि ऑक्टोबरात ०.३ वर सही केलीत." मग म्हणाले, "माझी सही आहे का त्यावर कुठे? आठवत नाही मला."

नाही. कुठेच नाही.

"मग माझं ऐका. तुम्ही माझ्या घरचे झालात. घरातल्या माणसाला मी उघड्यावर नाही टाकणार. फाडून टाका."

३१ जानेवारी

फाडलं. विमानं: शून्य. औषध: शून्य.

१८ मार्च

बर्फ वितळतोय. दरवर्षीपेक्षा बारा दिवस आधी. सगळे खूष.

६ मे

आगाचा फोन. पेरणीला सुरुवात करतोय. शेतसंस्था मोडल्यावर वाट्याला आलेली दोनशे हेक्टर, पहिल्यांदाच सगळी एकदम पेरणार. बियाणासाठी बारा घोडे विकले. बाबांच्या पांढऱ्या घोडीचा वंशही गेला त्यात. ते त्याने सांगितलं नाही, वहिनीने मागून ओरडून सांगितलं.

"ओमिर, गावात म्हातारे म्हणतायत, यंदा काहीतरी उडणार. कासिम तर म्हणतो, पलीकडच्या पडीक रानात पाऊल टाकवत नाही, माती पोकळ लागते. तू खात्यातला माणूस. तू सांग. पेरू ना?"

मी म्हणू शकलो असतो, अर्धंच पेर. मी म्हणू शकलो असतो, थांब. थांब म्हटलं असतं तर त्याने का म्हणून विचारलं असतं, आणि का याचं उत्तर त्या गावात संध्याकाळपर्यंत आणि काराबेक साहेबांकडे सकाळपर्यंत पोचलं असतं.

"आकडा ०.३ आहे, आगा," मी म्हटलं.

"मला आकडे कुठे कळतात. पेरू ना?"

"पेर."

"बस. तुझ्या शब्दावर पेरतो."

१४ मे

भोरड्या आल्या.

सकाळी कचेरीसमोरच्या तारा गुलाबी-काळ्या झाल्या होत्या. दुपारपर्यंत आकाशात काळा रुमाल झटकल्यासारखे थवे. माझी सेक्रेटरी म्हणाली, "किती छान दिसतात ना, साहेब!" छान दिसतात. टोळावर जगतात. जिथे पिल्लांना पोटभर चारता येईल तिथेच घरटी करतात, एरवी पुढे निघून जातात.

पडीक रानातल्या दगडांच्या ढिगात हजारोंनी घरटी चाललीत, असं जीपवाला सांगत होता. या पाखरांना कोणी अहवाल पाठवला नाही. कोणी घरी जेवायलाही बोलावलं नाही. आकडा मात्र बरोबर.

१९ मे

टेबलाच्या खणात खुडखुड. काडेपेटी उघडली. कोष फुटलाय. माशीएवढी पांढुरकी पिल्लं, तास-दोन तासांत काळी पडली. चौतीस मोजली. ऊबदार कचेरीमुळे पाच-सहा दिवस आधी निघाली असतील.

म्हणजे पाच-सहा दिवस आहेत. कशाला आहेत, ते माहीत नाही.

२५ मे

जमीन चालते आहे.

२ जून

शेजारच्या प्रांताकडे दोन विमानं मागितली. तिथल्या प्रमुखाने फोनवर विचारलं, "तुमच्याकडे तर येत नाही ना?" आणि बराच वेळ हसला. मग म्हणाला, पंधरा तारखेनंतर बघू. पंधरानंतर पिल्लांना पंख फुटतील. मग विमानांनी मागून बघतच राहायचं.

जिल्ह्यातून तारा येतात. रस्त्यावर गाड्या घसरतात, चाकाखाली पिल्लांचा चिखल होतो. रेल्वेची एक मालगाडी चढावर थांबली. काराबेक साहेब दूरचित्रवाणीवर म्हणाले, सीमेपलीकडून आले.

सीमा दोनशे किलोमीटरवर आहे. पिल्लांना अजून उडता येत नाही. चालत आले असतील, पासपोर्ट घेऊन.

८ जून

आगाकडे जाऊन आलो.

गहू चार बोटं वर आला होता, असं त्याने सांगितलं. मी पाहिला नाही. पाहण्यासारखं काही नव्हतं. करडी जमीन, आणि तिच्यावर दुसरी जमीन, सरकणारी. आवाज असा की कुठेतरी मंद पाऊस पडतोय. आकाश निरभ्र. अंगणात वहिनीने वाळत घातलेल्या कपड्यांना भोकं.

मला वाटलं, मारेल. मारावं. आगाने बसायला तरट दिलं, चहा आणला, दूध माझ्या सवयीप्रमाणे जास्त घातलं. कपातून एक पिल्लू काढून बाहेर टाकलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"काळजी करू नकोस," म्हणाला. "गावात कोणी तुझं नाव काढलं की मी सांगतो, माझ्या भावाला खालच्यांनी फसवलं. ती जर्मन बाई खोटा आकडा देऊन पळाली. काल कासिमशी भांडलो यावरून. दात पाडला त्याचा." आणि हसला. त्याची मूठ सुजली होती.

मी चहा प्यालो. दोन कप.

१० जून

राजधानीतून हुकूम: चुकीच्या आकड्याला जबाबदार कोण, याची चौकशी करा. प्रांतानेच समिती नेमावी. नेमली. अध्यक्ष — मी.

वाचून कुल्याशला सांगितलं. तिने पीठ मळता मळता विचारलं, "साक्षीदारही तुम्हीच का?"

११ जून

निष्कर्ष आधीच टंकून आला, काराबेक साहेबांच्या कचेरीतून, सोबत निरोप: उद्या दुपारी घरी जेवण, तिथेच सह्या. पान-दीडपान. 'पाहणी अधिकारी लि. का. यांनी देशत्यागाच्या गडबडीत प्रत्यक्ष खड्डे न खोदता काल्पनिक आकडा सादर केला.' बाई हजारो किलोमीटरवर. उत्तर द्यायला येणार नाही. सही केली की मी वाचतो, साहेब वाचतात, आगाचं म्हणणंही खरं ठरतं. त्याने फुकट दात पाडला असं व्हायला नको, असाही एक विचार येऊन गेला. मला कारणं चांगली जमतात.

सही नाही केली तर? उरलेली सही एकच आहे, ०.३ खालची. तिची शाई माझ्या पेनातली.

कुल्याशने निष्कर्ष वाचला. शाळेच्या वह्या तपासते तसा, लाल पेन हातात धरून. काही खूण केली नाही. उठली, पिठाच्या डब्यामागून वही काढली, फुंकर मारून पीठ उडवलं आणि माझ्या कोटाच्या खिशात ठेवली.

"उद्या तिथे काय कराल ते तुमचं तुम्ही बघा," म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात मात्र आता ही राहणार नाही. दर वेळी पीठ घेताना मला ती बाई दिसते."

कोट खुर्चीवर टांगलाय. एका बाजूला ओढलेला दिसतो.

१२ जून

डोकं आणलं. तोंड माझ्याकडे.

मी सुरीला हात न लावता ताट फिरवलं. तोंड काराबेक साहेबांकडे केलं, आणि वही उघडून ताटाशेजारी ठेवली — ज्या पानावर माझं नाव आहे, ते पान वर.